तापाची नोंद

मंगळवार, ४ मार्च

आज दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी माझ्या नातीचा लॅपटॉप माझ्या डोळ्यांदेखत बंद पडला. आधी पंख्याचा आवाज चढत गेला, मग पडद्यावर रंगीत चौकटी नाचल्या, मग सगळे काळे. जळक्या रबरासारखा वास आला. वेळ इतकी नेमकी कशी ठाऊक असे कोणी विचारलेच, तर भिंतीवरचे घड्याळ माझ्या समोर होते आणि एकतीस वर्षे तक्रार विभागात काढलेल्या बाईला वेळ टिपायला शिकवावे लागत नाही. जिच्यात वेळ नाही ती तक्रार नव्हे, कुरकुर; हाताखालच्या पोरींना मी हेच सांगत असे.

मुद्दा असा की बरोबर आठ दिवसांपूर्वी, २४ फेब्रुवारीला, हाच लॅपटॉप चौकातल्या दुकानातून दुरुस्त करून आणला होता. तिथल्या बाईने पंखा साफ केला, आतल्या चिपला नवा लेप लावला आणि तो परत दिला. त्यानंतर जेमतेम आठ दिवस तो चालला. एखाद्या डॉक्टरने असा लेप लावला असता तर त्याच्या पाटीला लोकांनी काळे फासले असते.

नात इमारतींचे आराखडे काढायला शिकते. यंदा शेवटचे वर्ष. एक अख्खे वाचनालय तिने त्या यंत्रात बांधले आहे, खिडक्या-जिन्यांसकट, आणि ते २८ तारखेला जमा करायचे आहे. ती साडेपाचला घरी आली. मी दारातच सांगून टाकले, की धूळ पुसत होते आणि तो आपोआप गेला.

"चालू होता?"

"मला काय ठाऊक. हात लावला तर तापलेला होता."

"बंद लॅपटॉप तापतो कसा, आजी?"

"तेच मी उद्या दुकानात विचारणार आहे."

ती खोलीत गेली. चहाही घेतला नाही.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर दर शुक्रवारी आमच्या दैनंदिन्या तपासायच्या. बारा वर्षांची असताना माझ्या एका पानाखाली त्यांनी लाल पेन्सिलीने शेरा मारला होता: 'खरे आहे, पण सगळे नाही.' तो आजच का आठवावा कळत नाही. धूळ मी खरोखर पुसली होती. सकाळी.

बुधवार, ५ मार्च

दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर दिवा आणि दिव्याखाली ती. पंचेचाळिशीची असेल. चष्म्यावर आणखी एक भिंग. शब्द मोजून द्यावे लागतात असे बोलते. मालक काचेपलीकडे बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसतो. त्याचे काम तेवढेच दिसते.

मी उभ्यानेच सुरुवात केली. "आठ दिवसांपूर्वी तुम्ही हा दुरुस्त केलात म्हणे."

"साफ केला," ती म्हणाली. "बसा काकू."

"मला मॅडम म्हणतात."

"बसा मॅडम."

तिने पाठीचे स्क्रू काढले, आतल्या जाळीत चिमटा घातला आणि एक बोळा ओढून माझ्यासमोर ठेवला. जांभळी लोकर.

"हा कुठे ठेवून वापरता?"

"टेबलावर. आणखी कुठे ठेवतात?"

"टेबलाला लोकर नसते."

माझ्या मांडीवरची शाल जांभळी आहे. पण जगातली सगळी जांभळी लोकर काही माझ्याच घरी नाही, आणि मी तिला तसे सुनावले. तिने बोळा बाजूला सारला. लॅपटॉप आत नेला, कसल्याशा तारा लावल्या, अर्धा तास काहीतरी उघडून पाहिले. परत आली तेव्हा माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती.

"यात दोन चिप आहेत," ती म्हणाली. "एक विचार करते, दुसरी चित्रं काढते. चित्रं काढणारीला ताप येतोय. सत्त्याण्णव अंशांवर जातो. मग ती स्वतःला बंद करून घेते."

"मग तो लेप कशासाठी लावला होता?"

"लेपाने ताप बाहेर पडतो. काम कमी होत नाही." तिने मालकाकडे पाठ केली आणि आवाज उतरवला. "चित्रांची पातळी थोडी खाली आणली तर टिकेल, मॅडम. सगळंच सगळ्यात वरचं हवं असं नसतं."

"माझ्या नातीच्या चित्रांची पातळी तुम्ही काढू नका. ती वर्गात पहिली आहे."

"नातीच्या चित्रांचं नाही म्हणत मी." मग तिने विचारले, "दुपारी यावर कोण असतं?"

"कोणी नाही."

"बरं."

हे 'बरं' मला आवडले नाही. मी स्वतः एकतीस वर्षे लोकांना हेच 'बरं' म्हणत आले. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

शनिवार, ८ मार्च

लॅपटॉप परत आला. चालतो. देताना ती म्हणाली, "आत एक नोंदवही ठेवली आहे. दर पाच मिनिटांनी किती तापला ते लिहिलं जाईल. आठवडाभर नेहमीसारखा वापरा, मग आणून दाखवा."

हे मात्र पसंत पडले. नोंद ठेवणारी माणसे आता उरली आहेत कुठे. आणि उद्या काही बिघडले तर तिच्याच नोंदीवरून तिला पकडता येईल.

नात खुशीत होती. संध्याकाळी तिने मला शेजारी बसवून वाचनालयाचा जिना गोल फिरवून दाखवला. "बघ, दोन्ही बाजूंना कठडा ठेवलाय. मास्तर म्हणाले एक पुरे. मी म्हटलं, माझ्या आजीला दोन लागतात."

"तुझ्या आजीला एकही लागत नाही," मी म्हणाले. मग तिला सांगितले की डोळ्यांची काळजी घे, त्या पडद्यापुढे बसून तुमच्या पिढीचे वाटोळे होणार आहे. ती हसली. हे वाक्य मी तिला रोज ऐकवते. आज ते संपवताना मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला.

सोमवार, १० मार्च

दुपारचे वाचन पुन्हा सुरू केले. चार-पाच दिवसांचा खंड पडल्याने जीव कासावीस झाला होता.

पाने अगदी पुसट दिसत होती, नुसता हिरवा लगदा. शोधल्यावर कळले की त्या बाईने मला न विचारता पातळी 'मध्यम' करून ठेवली आहे. मला शाळेत कधीही, कशातही 'मध्यम' मिळालेले नाही, शिवणात नाही आणि वर्तणुकीत तर नाहीच. एकेक रकाना उघडून सगळे पुन्हा सर्वोच्च करून टाकले.

तासाभरात यंत्र फुसफुसू लागले. खालून हात लावला तर चटका बसला. त्या बाईचे शब्द आठवले: ताप येतोय, लेप लावलाय. तापावर काय करायचे हे मला कोणी शिकवायला नको. मुलगा लहानपणी तापला की रात्ररात्र थंड पाण्याच्या घड्या घातल्या आहेत. रबरी पिशवीत बर्फाचे पाणी भरले, नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि लॅपटॉपच्या पोटाखाली सारली. पाच मिनिटांत आवाज उतरला.

एवढी साधी गोष्ट त्या बाईला सुचू नये याचे नवल वाटते.

मंगळवार, ११ मार्च

पिशवी उत्तम काम देते. नॅपकिन दोनदा बदलावा लागला, चिंब होतो.

सूनबाई रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेतून सहाला येते. आली तशी तिने फ्रीज उघडला. "आई, बर्फाचे साचे रिकामे कसे? कोणाला लागलंय का?"

"माझा गुडघा," मी म्हणाले.

तिने तेल गरम करून आणले आणि खाली बसून माझा गुडघा चोळून दिला. दिवसभर उभी असते ती. माझा गुडघा ठणठणीत आहे. मी 'पुरे' म्हटले तरी ती चोळत राहिली.

बुधवार, १२ मार्च

दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी पुन्हा. या वेळी चौकटी नाहीत, वास नाही. आत कुठेतरी काडी मोडावी तसा आवाज आला आणि संपले. उचलला तर पोटाखालून पाण्याचे थेंब ओघळले. कोरड्या फडक्याने पुसला, केस वाळवायच्या यंत्राने वाळवला, टेबलावर नेऊन सरळ ठेवला. पिशवी रिकामी करून खुंटीला टांगली.

नात आली, बटण दाबत राहिली, मग जमिनीवरच बसली. सोळा दिवस उरले आहेत. ती रडली असती तर बरे झाले असते. तिने तोंड धुतले आणि लॅपटॉप घेऊन स्वतःच दुकानात निघाली.

"त्या बाईने वाट लावली," मी म्हणाले.

"ती म्हणाली नेहमीसारखा वापरा. आपण नेहमीसारखाच वापरला ना?"

"मग चूक कोणाची हे उघडच आहे."

हे मी इतक्या ठाम आवाजात म्हणाले की माझा स्वतःचाही विश्वास बसला.

गुरुवार, १३ मार्च

दुकानाच्या मालकाला लेखी तक्रार केली. चार परिच्छेद. पहिल्यात घटनेची तारीख आणि वेळ, दुसऱ्यात क्रम, तिसऱ्यात झालेले नुकसान, चौथ्यात मागणी: संबंधित व्यक्तीला अशा नाजूक कामावरून दूर करावे आणि १७ मार्च, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी लेखी उत्तर द्यावे. हात विसरलेला नाही. वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही.

मोठ्याने वाचून पाहिले. एका वाक्यातही खोटे नाही. 'लॅपटॉप टेबलावर असतो' असे लिहिले आहे. असतो, रात्री. 'कोणत्याही तक्रारीविना जपून वापरला' असेही आहे; दुपारी चाललेल्या कामाबद्दल खरोखरच कोणाची तक्रार नव्हती. दुपारचा उल्लेख करायचे कारण नव्हते.

पत्र स्वतः नेऊन दिले. ती दिव्याखाली मान घालून बसली होती, समोर आमचाच लॅपटॉप उघडा पडलेला. तिने वर पाहिले आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मी काचेपलीकडे गेले.

सोमवार, १७ मार्च

चार चाळीसला मालकाचा फोन. मुदतीच्या वीस मिनिटे आधी.

"मॅडम, काय पत्र आहे. आजवर आमच्याकडे असं कोणी लिहिलं नाही. फ्रेम करून लावावंसं वाटतं."

"कारवाईचे बोला."

"केली ना. ती बाई तीन महिन्यांच्या बोलीवर होती. लेखी तक्रार आली की विषय संपला. आज सकाळीच सांगून टाकलं. पोचपत्रही पाठवतो तुम्हाला."

मी आभार मानले. फोन ठेवला तेव्हा कपातला चहा निवला होता.

आनंद व्हायला हवा होता. एकतीस वर्षे मी लोकांना 'योग्य ती कारवाई करण्यात येत आहे' असे लिहून पाठवत आले. कधीच काही करण्यात आले नाही, आणि ते मला ठाऊक असे. माझ्या लिहिण्यावरून कोणाचे खरोखर काही झाले, असे आज पहिल्यांदा घडले.

मंगळवार, १८ मार्च

संध्याकाळी नातीच्या नावाने एक जाड पाकीट आले. त्या बाईकडून. नोकरी जाण्याआधी तिने शेवटचे जे केले ते हे. आराखडा सगळा वाचवून यंत्राला तारेने जोडायच्या एका डबीत भरून दिला आहे. सोबत एक कागद. नातीने तो जेवणाच्या टेबलावर वाचला.

"चित्रांची चिप आणि मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, निकामी. कारण उष्णता आणि ओलावा. जोडपत्रात तापाची नोंद." तिने कागद उलटला. "हे बघ आई, रोज संध्याकाळी सात ते दहा एकाहत्तर अंश. ती मी. आणि सोमवार, दुपारी दोन पाच ते चार चाळीस, शहाण्णव. मंगळवारी पुन्हा. बुधवारी दोन ते चार दोन, आणि बास."

"आणि रविवारी?" सूनबाईने विचारले.

"दुपारी काही नाही. कोरा."

"म्हणजे भुताला रविवारची सुटी असते," सूनबाई म्हणाली. ती हसत होती. मग हसायची थांबली, आणि दोघी आपापल्या ताटात बघू लागल्या. माझ्याकडे कोणीच पाहिले नाही. त्यांनी पाहिले असते तर सोपे गेले असते.

"कॉलेजातल्या मशीनवर करीन मी," नात म्हणाली. "सहाला दार उघडतं. साडेपाचला रांगेत उभी राहीन."

मी भाजी वाढायला उठले. सगळ्यांची ताटे भरलेली होती.

शुक्रवार, २१ मार्च

दोन दिवस ही वही उघडली नाही. आज शुक्रवार, वही तपासायचा वार. सिस्टर कधीच्याच गेल्या. तरी सगळे लिहिते.

मी दुपारी वाचन करत नव्हते. ट्रक चालवत होते.

जानेवारीत नात लॅपटॉप उघडा टाकून गेली होती. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ट्रकचे चित्र होते. बंद करायला म्हणून दाबले, तर ते उघडले. आत सगळा रस्ताच होता. माल निवडायचा, ट्रक जोडायचा आणि दूरच्या गावी पोचवायचा. समोर काच, काचेवर वायपर, बाजूला आरसे. ह्यांनी हयातभर मला गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "तुझं तोंड चालतं तेवढं पुरे," म्हणायचे आणि पाहुण्यांसमोर हसायचे. मीही हसायचे.

दोन महिन्यांत मी अकरा हजार किलोमीटर चालवले. लाकूड नेले, काचा नेल्या, मधमाश्यांच्या पेट्या नेल्या. प्रत्येक सिग्नलला थांबले, मागे कोणी नसतानाही वळायचा दिवा दिला. यंत्राने सुरुवातीला चालकाचे नाव विचारले तेव्हा माझे पूर्ण नाव लिहिले; अर्जावर खोटे लिहायची मला सवय नाही. आणि चित्रांचा दर्जा विचारला तेव्हा सगळीकडे सर्वोच्च लावला. त्यामुळे घाटातल्या झाडांचे पान न् पान वेगळे दिसते. मांडीवर शाल, शालीवर उशी, उशीवर लॅपटॉप. चार तारखेला तीन सतराला मी बावीस टन लाकूड घेऊन घाट उतरत होते. समोर घड्याळ होते ते ट्रकमधल्या घड्याळाशी ताडून पाहायला.

म्हणजे ती चिप माझ्यासाठी पाने रंगवून रंगवून तापली. तिला नातीचे वाचनालय जड नव्हते.

खेळले याची लाज वाटते. अडुसष्टाव्या वर्षी, नातीला रोज पडद्यावरून बोलणाऱ्या बाईने. पण ती लाज सोसण्यासारखी आहे, उद्या तिचा विनोद होईल. दुसरीचा होणार नाही. एका बाईने मला, मालकाकडे पाठ करून, खालच्या आवाजात विचारले. खरे सांगायला जागा करून दिली. मी त्या जागेत चार परिच्छेदांची तक्रार लिहिली.

खरे आहे, आणि आता सगळे आहे.

शनिवार, २२ मार्च

सकाळी नात रांगेतून परत आल्यावर दोघींना बसवून सांगितले. उभ्याने सांगणार होते, शेवटी मीही बसले.

सूनबाईने पदराने तोंड झाकले. तिला हसू आले होते, की गुडघा आठवला होता, ठरवता आले नाही. "तेल उगाच गेलं," एवढेच म्हणाली.

नात म्हणाली, "मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"डबी कॉलेजात उघडली तेव्हापासून. आराखड्याबरोबर खेळाची नोंदही आली. चालक म्हणून तुझं अख्खं नाव, तुझ्या वडिलांच्या नावासकट. वर्गातल्या पोरांनी वाचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. चार दिवस."

मी म्हणाले की वाचनालयाचे वाया गेलेले दिवस भरून निघणार नाहीत, हे मला कळते.

"खेळलीस त्याचं काही नाही गं," ती म्हणाली. "मला सांगितलं असतंस तर मीच स्टिअरिंग आणून दिलं असतं. पाणी गेलं तेही समजू शकते. पण त्या बाईने माझं एकेक पान वाचवून दिलं, आणि तू तिला कागद लिहिलास." ती मला 'आजी' न म्हणता उठून गेली.

जिन्याला दोन्ही बाजूंचे कठडे अजून आहेत का, हे विचारायचे धाडस झाले नाही.

सोमवार, २४ मार्च

दुकानात गेले. दिवा होता, टेबल होते, दिव्याखाली कोणी नव्हते. वर रिकामे खोके ठेवले होते.

मालकाला म्हणाले की तक्रार चुकीची होती, मागे घेते, तिला परत बोलवा.

"आता कुठे मॅडम," तो हसला. "फाईल बंद. आज एक म्हणणार, उद्या दुसरं. लोक म्हणतील हे दुकान कोणाच्याही पत्रावर नाचतं."

"नाचलेच आहे."

"तोंडी बोलण्याला आम्ही काय करणार. तुम्हीच इतकं छान लेखी दिलंत."

हे वाक्य एकतीस वर्षांत मी किती लोकांना ऐकवले असेल. तेव्हा ते मला अगदी रास्त वाटे. तिचा पत्ता मात्र त्याने लगेच दिला, टेबल पुसावे तसा.

मंगळवार, २५ मार्च

सायकलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ती स्वयंपाकाच्या टेबलावर शेजाऱ्यांचा रेडिओ उघडून बसली होती. आतल्या खोलीत तिची आई खोकत होती. मला बघून ती दचकली नाही. खुर्चीवरचे कपडे उचलले. "बसा मॅडम."

मी बसले. वाटेत जुळवलेली वाक्ये सगळी इंग्रजी शाळेत शिकवलेली होती, एकही कामाचे नव्हते.

"तुम्हाला ठाऊक होते," मी म्हणाले.

"पाच तारखेलाच. चिपची परीक्षा घ्यायला चित्रांचं काहीतरी जड उघडावं लागतं. त्यात ट्रक होता, तो उघडला. चालकाचं नाव आलं. पावतीवर होतं तेच."

"मग मालकाला सांगायचे होतेत. नातीला सांगायचे होतेत. कागदावर तरी लिहायचे होतेत."

"तुम्ही 'कोणी नाही' म्हणालात, तेव्हा कळलं की घरी माहीत नाही. मग मी कशाला सांगू." तिने एक स्क्रू बशीत टाकला. "पातळी मध्यम करून दिली. वाटलं, तेवढ्यात भागेल."

"मी ती परत वर केली."

"हो. नोंदीत दिसलं."

मी म्हणाले की माफी मागायला आले आहे. तिने पहिल्यांदाच हातातले काम खाली ठेवले.

"माफी इथे ठेवून जाल आणि तुम्ही मोकळ्या व्हाल. मी तिचं काय करू? गेल्या आठवड्यात आणखी दोन दुकानांत विचारलं. दोघांनी त्या मालकाला फोन केला. तो म्हणतो, तिच्यावर लेखी तक्रार आहे." ती शांतपणे बोलत होती. मी आरडाओरडा सोसायची तयारी करून गेले होते. "मी तुमच्या कागदाने उठले. मला कागदच द्या. तसाच, तारीख-वेळेसकट. फक्त खरा."

"देते."

मी दारापर्यंत आले तेव्हा ती मागून म्हणाली, "अकरा हजार किलोमीटर आणि एकही दंड नाही. मी बघत बसले होते, काकू. ट्रक छान चालवता."

ही दया माझ्याने सोसवेना. जिन्याला एकाच बाजूला कठडा होता. मी तो धरून, एकेक पायरी करत उतरले. ती मला काकू म्हणाली हे खाली रस्त्यावर आल्यावर लक्षात आले.

बुधवार, २६ मार्च

पत्राची नक्कल. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिले. खाडाखोड एका ठिकाणी आहे, तशीच राहू दिली.

"दुकानाचे मालक यांस,

विषय: १३ मार्चच्या माझ्या तक्रारीतील असत्याबद्दल तक्रार.

१. दिनांक ४ मार्च, दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी आणि दिनांक १२ मार्च, दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी सदर लॅपटॉप बंद पडला. दोन्ही वेळी तो माझ्या मांडीवर, उशीवर होता आणि मी त्यावर ट्रक चालवण्याचा खेळ खेळत होते. चित्रांचा दर्जा मी सर्वोच्च ठेवला होता. तुमच्या दुरुस्तीकाम करणाऱ्या बाईंनी तो कमी करून दिला, मी तो पुन्हा वाढवला. १० ते १२ मार्च मी यंत्राखाली बर्फाच्या पाण्याची पिशवी ठेवली. ओलावा तिचा.

२. बाईंनी मला खरे कारण विचारले होते. मी 'कोणी नाही' असे उत्तर दिले. ते खोटे होते. त्यानंतर लिहिलेल्या तक्रारीत प्रत्येक वाक्य खरे आहे आणि तक्रार खोटी आहे. असे कसे लिहितात हे मला नोकरीत शिकायला मिळाले.

३. बाईंच्या कामात दोष नाही. माझ्या नातीचा संपूर्ण आराखडा त्यांनी वाचवला. तापाची त्यांनी ठेवलेली नोंद सोबत जोडली आहे. या प्रकरणात खरे बोललेला कागद तेवढा एकच होता.

४. मागणी: बाईंना त्यांच्या टेबलावर, पूर्वीच्याच बोलीवर परत बसवावे. ज्या दोन दुकानांना तुम्ही फोनवर माझ्या तक्रारीबद्दल सांगितले, त्यांना हे पत्र वाचून दाखवावे. माझे पहिले पत्र फ्रेम करायचे असल्यास हे त्याच्या शेजारी लावावे. उत्तर न आल्यास १ एप्रिलपासून रोज दुकान उघडताच मी तुमच्या दारात खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन्ही पत्रे क्रमाने वाचून दाखवीन. सेवानिवृत्त आहे, दुपारी आता मला काही काम नाही.

या तक्रारीत तक्रारदार मी आहे आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे तीही मीच. त्यामुळे सही एकदाच केली आहे. ती दोघींसाठी धरावी.

प्रत: दुरुस्तीकाम करणाऱ्या बाई. सूनबाई. नात.

लेखी उत्तर सोमवार, ३१ मार्च, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात पडावे. तोंडी चालणार नाही."